गेममध्ये स्क्रीन काळी, फॅन फुल स्पीडला: नवीन ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे करून बघ

तुझा प्रश्न नीट वाचला मित्रा. आधी मला काय समजलं ते लिहितो, म्हणजे काही चुकीचं समजलं असेल तर सांग, आणि बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मशीन असं आहे: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, १६ जीबी ३२०० ची रॅम, सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०७०, जुन्या मशीनमधलाच ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मॉनिटर १४४०पी १६५ हर्ट्झचा, आणि हे सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर. सायबरपंक लावला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी, कार्डाचे फॅन एकदम फुल स्पीडला, डिस्कॉर्डवर मित्रांचा आवाज थोडा वेळ येत राहतो आणि शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागतं. व्हॅलोरंट मात्र तासन् तास चालतं. फरमार्क (कार्डावर पूर्ण लोड टाकणारं टेस्ट सॉफ्टवेअर) अर्धा तास चालवलं तरी काही होत नाही. शिवाय कधी कधी नुसतं ब्राउझर उघडं असतानाही स्क्रीन दोन सेकंद जाते आणि परत येते. विंडोज नवीन टाकून झालं, ड्रायव्हर बदलून झाले, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल पॉवर ४१ दिसतो, आणि दुकानदार म्हणाला कार्ड गेलं, नवीन घे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तू ज्याला एक प्रॉब्लेम समजतोयस ते बहुतेक दोन आहेत. गेममध्ये कार्ड पडतंय तो एक, आणि ब्राउझरमध्ये दोन सेकंद स्क्रीन जातेय तो दुसरा, आणि दोन्हीत स्क्रीन काळीच होत असल्यामुळे तू (आणि दुकानदारानेही) दोन्ही एकाच कार्डाच्या खात्यावर टाकलेत. गंमत अशी की असं एकत्र धरलं की कुठलीच टेस्ट नीट उत्तर देत नाही. केबल बदलली तरी गेम क्रॅश होतो म्हणून वाटतं केबल चांगली आहे, एसएमपीएस बदलला तरी ब्राउझरमध्ये स्क्रीन जाते म्हणून वाटतं एसएमपीएस चांगला आहे, आणि शेवटी उरतं कार्ड, मग तेच बदललं जातं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे हे दोन वेगळे करणं.

तर स्क्रीन काळी होते म्हणजे नेमकं काय पडतं ते आधी ओळखायला शिक, याला पैसे लागत नाहीत. गेम पडला तर तू डेस्कटॉपवर येतोस, बाकी सगळं चालू असतं. ड्रायव्हर पडला तर स्क्रीन क्षणभर जाते, परत येते, गेम बंद झालेला असतो आणि बऱ्याचदा डिव्हाइस हंग किंवा डिव्हाइस रिमूव्हड असा मेसेज असतो. कार्डच पडलं तर स्क्रीन जाते ती येतच नाही, फॅन फुल, पण आवाज चालू. मशीन पडलं तर सगळंच बंद किंवा थेट रीस्टार्ट. आणि नुसता सिग्नल पडला तर मागे सगळं मस्त चालू असतं, फक्त तुला दिसत नाही.

स्क्रीन काळी झाली की लगेच पॉवर बटणाकडे जाऊ नकोस. आधी कॅप्स लॉक दाब. कीबोर्डवरचा दिवा लागतोय-विझतोय का बघ. लागत असेल तर विंडोज जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाब, याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, एक बीप येईल. त्याने चित्र परत आलं तर ड्रायव्हर अडकला होता. आलं नाही आणि फॅन तसेच ओरडतायत, तर कार्डाचा बोर्डाशी संपर्क तुटलाय, कारण ड्रायव्हरने सोडून दिलं की कार्ड सेफ्टी म्हणून फॅन फुल करतं. तुझ्या वर्णनावरून गेममध्ये हेच होतंय.

आता त्या कर्नल पॉवर ४१ बद्दल. हा एक नंबर दिसला की लोक डोळे झाकून एसएमपीएस खराब असं लिहून मोकळे होतात. त्या इव्हेंटचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज व्यवस्थित बंद झालं नाही. तू स्वतः बटण दाबून बंद केलंस तरी तोच येतो. म्हणजे तो इव्हेंट क्रॅशचा नाहीच, तुझ्या बोटाचा आहे. बघायचं ते त्याच्या आधीच्या एक-दोन मिनिटांत काय नोंद झालीये. सोर्स डिस्प्ले आणि नंबर ४१०१ असेल तर ड्रायव्हर अडकून परत उठला. एनव्हीएलडीडीएमकेएम नावाने १४ किंवा १५३ असेल तर एनव्हीडियाच्या ड्रायव्हरला कार्डाकडून उत्तर मिळेना. व्हिआ लॉगर असेल तर हार्डवेअरने स्वतः तक्रार केलीये, त्यात पीसीआय एक्सप्रेसचा (कार्डाच्या स्लॉटचा) उल्लेख आहे का प्रोसेसर कोअरचा ते उघडून वाच. इव्हेंट व्ह्यूअर किचकट वाटत असेल तर स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप कर, तारखेनुसार लाल फुल्या दिसतात, त्यात लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१ दिसला तर तोही ग्राफिक्सवालाच.

जाता जाता सांगतो, विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की कार्डाने २ सेकंदांत काम पुरं केलं नाही तर ड्रायव्हर रीसेट करायचा. यूट्यूबवर पुष्कळ लोक रजिस्ट्रीत जाऊन ते २ चे ८ किंवा १० करायला सांगतात. जड रेंडरिंग करणाऱ्यांना त्याचा कधीमधी उपयोग असतो. गेममध्ये जे कार्ड बोर्डापासून तुटलंय ते दहा सेकंद थांबलं म्हणून परत जोडलं जात नाही, फक्त स्क्रीन जास्त वेळ फ्रीझ दिसते. तू ते केलं असशील तर परत होतं तसं करून ठेव, नाहीतर टेस्ट करताना गोंधळ होईल.

बरं, मग गेममध्ये कार्ड का पडतंय? तुझ्या प्रश्नातच सगळ्यात कामाचा पुरावा आहे आणि तू तो ओझरता लिहिलायस: व्हॅलोरंट चालतं, फरमार्क चालतं, सायबरपंक पडतो. व्हॅलोरंटला ३०७० ची पूर्ण ताकद लागतच नाही, कार्ड अर्धवट लोडवर असतं, त्यामुळे ते चालणं हा काही पुरावा नाही. फरमार्क मात्र कार्ड पूर्ण तापवतं, मग ते कसं चालतं? कारण फरमार्कचा लोड एकसारखा असतो. कार्ड पॉवर लिमिटला जाऊन टेकतं, क्लॉक (चिपचा वेग) खाली येतो, आणि तिथेच तासभर बसून राहतं. गेममध्ये तसं नसतं. एका सीनमध्ये कार्ड शंभर टक्के, मॅप उघडला की झपकन खाली, स्फोट झाला की परत वर, आणि क्लॉकही फरमार्कपेक्षा वरचा. ३०७० चा २२० वॅट हा आकडा सरासरीचा आहे. काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या खूप वरचे झटके ३०-सिरीजची कार्डं ओढतात, कधी जवळपास दुपटीपर्यंत. चांगला एसएमपीएस हे झटके पचवतो, जुना किंवा स्वस्तातला पचवत नाही, क्षणभर १२ व्होल्टची लाइन खाली येते आणि कार्ड पडतं. एनव्हीडियानेच या कार्डाला ६५० वॅटचा एसएमपीएस सांगितलाय. म्हणजे ५५० वर चालतच नाही असं नाही, चांगल्या ५५० वर चालवणारे मी बघितलेत, पण जुन्या मशीनमधला उचलून लावलेला ५५० म्हटलं की माझी नजर आधी तिकडेच जाते.

पण नजर जाणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. एमएसआय आफ्टरबर्नर टाक (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं) आणि पॉवर लिमिटचा स्लायडर १०० वरून ७० वर आण. म्हणजे कार्ड साधारण १५४ वॅटच्या वर जाणार नाही. बाकी काहीही बदलू नकोस. त्याच सेव्हवर, त्याच सेटिंगवर सायबरपंक खेळ, आणि पंधरा मिनिटं नाही, पूर्ण संध्याकाळ खेळ. फ्रेम थोडे कमी येतील, तेवढं चालवून घे.

यात पडलाच नाही तर लोडशी संबंध आहे हे नक्की झालं. पण इथे घाई करून एसएमपीएस मागवू नकोस, कारण पॉवर लिमिट कमी केलं की तीन गोष्टी एकदम कमी होतात: वॅट, क्लॉक आणि तापमान. यातल्या कशामुळे बरं वाटलं ते अजून कळलेलं नाही. म्हणून दुसरी टेस्ट अशी की पॉवर लिमिट परत १०० कर आणि कोअर क्लॉक उणे १५० कर. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलच्या हेल्प मेनूत डीबग मोड पण असतो, तो कंपनीने फॅक्टरीत वाढवून दिलेला क्लॉक काढून टाकतो, तेही चालेल. नुसता क्लॉक कमी करून गेम टिकला तर कार्डाची चिप त्या क्लॉकला थकलीये, एसएमपीएस निर्दोष असण्याची शक्यता जास्त. क्लॉक कमी करूनही पडतो पण पॉवर कमी केली की टिकतो, तर वीज कमी पडतेय किंवा उष्णता अडचण करतेय.

उष्णतेचा निकाल लावणं सगळ्यात सोपं. एचडब्ल्यू इन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेव, लॉगिंग ऑन कर म्हणजे क्रॅशच्या आधीचा शेवटचा आकडा फाइलमध्ये राहतो. जीपीयू टेम्परेचर आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक नॉर्मल आहे. पंचवीस-तीसचा फरक दिसला तर चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळलीये किंवा कूलर नीट बसलेला नाही. ३०७० ला मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, ते ३०८० सारख्या जीडीडीआर६एक्सवाल्या कार्डांना दिसतं, त्यामुळे ते शोधत बसू नकोस. मेमरीची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या पॅडची शंका असेल तर कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन सरळ कार्डावर लाव आणि तोच गेम खेळ. दिसायला गावठी प्रकार आहे पण उत्तर स्पष्ट देतो. तू संभाजीनगरला आहेस, एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत कॅबिनेट फर्निचरच्या कप्प्यात कोंबलेलं असेल तर आधी ते बाहेर काढ, कारण हिवाळ्यात चालणारी आणि उन्हाळ्यात पडणारी मशिनं दरवर्षी माझ्याकडे येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना धूळ आणि जागा सोडून कशाचीच गरज नसते.

आता वायरींकडे बघ, हे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि मी सगळ्यात आधी बघतो. मशीन बंद कर, मेनमधून प्लग काढ, आणि कार्डात जाणारी ८ पिनची वायर एसएमपीएसपर्यंत हाताने फॉलो कर. एकाच वायरीला पुढे दोन तोंडं असलेली वायर असते, तिने कार्डाची दोन्ही सॉकेट भरली असतील तर ते बदल आणि एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आण. एका ८ पिनचं रेटिंग १५० वॅट आहे, स्लॉटमधून ७५ मिळतात, आणि त्या झटक्यांच्या वेळी एकाच वायरीवर सगळा भार टाकणं बरं नाही. मग प्लग काढून तोंडाकडून उजेडात धरून बघ. सगळ्या पिना एका पातळीत आहेत का? एखादी पिन मागे सरकून आत गेलेली असते, बाहेरून प्लग पूर्ण बसल्यासारखा दिसतो पण ती पिन नुसती टेकलेली असते. पिवळ्या वायरीच्या बाजूचं काळं प्लास्टिक किंचित चॉकलेटी पडलंय का, वितळून कडा गोल झालीये का, नाकाला जळका वास येतोय का. असं काही दिसलं तर आफ्टरबर्नर वगैरे राहू दे, ती वायर परत लावूच नकोस.

एसएमपीएस बदलून बघायचा तर विकत घ्यायच्या आधी मित्राचा चार दिवस माग. यात एक गोष्ट कळकळीने सांगतो: मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्या वायरींसकट आण. तुझ्याच वायरी आत आहेत म्हणून नुसता डबा बदलू नकोस. एसएमपीएसकडच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही, आणि प्लग मात्र गुमान बसतो. बटण दाबलं की एसएसडी आणि हार्डडिस्क गेल्या म्हणून समज.

यूपीएसबद्दल. ६०० व्हीएचे यूपीएस बहुतेक ३६० वॅटचे असतात, डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुझं मशीन गेममध्ये प्रोसेसर, कार्ड आणि बाकी धरून साडेतीनशेच्या आसपास ओढतं, वरून एसएमपीएसचा स्वतःचा तोटा, वरून मॉनिटर. म्हणजे यूपीएस आधीच गळ्याशी आलेला आहे, लाइट गेली की गेम सेव्ह करायला वेळ मिळेल ही अपेक्षा सोडून दे. त्यात स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि काही एसएमपीएसना ती पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह झेपत नाही. यूपीएसमुळे पडलं तर शक्यतो मशीन पूर्ण बंद होतं किंवा रीस्टार्ट होतं, फॅन ओरडत काळी स्क्रीन राहत नाही, त्यामुळे तो मुख्य आरोपी वाटत नाही. तरी टेस्टचे दिवस मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लाव. एक शंका तरी कमी होते.

कार्ड पडण्याचं अजून एक कारण स्लॉट. ३०७० जड आहे, उभ्या कॅबिनेटमध्ये शेपटाकडून खाली झुकतं. काढ, सोन्याच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुस (आपल्याकडे खोडरबर घासायची पद्धत आहे, काम होतं, पण चुरा स्लॉटमध्ये जातो), परत क्लिक होईपर्यंत बसव आणि शेपटाला खालून काहीतरी आधार दे. बायोसमध्ये पीसीआय एक्सप्रेसचा वेग ऑटोवरून जेन ३ कर. ३०७० ला जेन ३ वर जाणवण्याइतका फरक पडत नाही, आणि त्याने पडणं थांबलं तर सिग्नलचा घोळ आहे हे कळतं. रायझर केबल (स्लॉट लांबवणारी केबल) लावून कार्ड उभं बसवलं असशील तर ती आधी काढ, जेन ३ ची रायझर आणि जेन ४ चं कार्ड ही जोडी काळ्या स्क्रीनसाठी प्रसिद्ध आहे.

रॅमवर माझा तुझ्या बाबतीत फार संशय नाही. रॅम खराब असली की लक्षणं विस्कळीत असतात, आज हा गेम तर उद्या तो, प्रत्येक वेळी वेगळी एरर, मधेच ब्राउझरचा टॅब क्रॅश, झिप फाइल उघडताना करप्ट. तुझ्याकडे एकच गेम एकाच पद्धतीने पडतोय. तरी एक रात्र मेमटेस्ट८६ लावून झोप. त्यात एक जरी एरर आली तर रॅम किंवा तिचं सेटिंग दोषी आहे, पण शून्य आल्या म्हणजे रॅम शंभर टक्के चांगली असं नाही. एक्सएमपी म्हणजे ३२०० वालं प्रोफाइल बंद करून एक दिवस चालवलंस तर जास्त कळेल. हां, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा आय७-आय९ असेल आणि गेम सुरू होताना शेडर कंपाइल करतानाच पडत असेल, किंवा ढीगभर व्हीरॅम (कार्डाची मेमरी) असूनही व्हिडिओ मेमरी संपली असा मेसेज येत असेल, तर कार्डाच्या मागे लागू नका. ती त्या प्रोसेसरांची गाजलेली भानगड आहे, व्होल्टेज जास्त जाऊन चिप झिजते. इंटेलने २०२४ मध्ये बायोसमधून येणारे मायक्रोकोडचे अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट करा, पण एकदा झिजलेली चिप अपडेटने दुरुस्त होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. रायझनवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्या.

आता दुसरा प्रॉब्लेम, ब्राउझरमधली दोन सेकंदांची काळी स्क्रीन. यात फॅन वाढत नाहीत, काही बंद पडत नाही, चित्र जातं आणि येतं. हा जवळजवळ नेहमी सिग्नलचा मामला असतो. हिशोब बघ: १४४०पी ला १६५ हर्ट्झवर नुसता पिक्सेलचाच डेटा सेकंदाला साधारण १४.६ गिगाबिट होतो, डिस्प्लेपोर्ट १.२ ची वापरता येणारी क्षमता १७.२८ आहे. म्हणजे केबल काठावर चाललीये. थोडीशी खराब, लांब किंवा हलक्या दर्जाची केबल असली की एरर वाढतात, मॉनिटर आणि कार्ड परत नव्याने बोलणी करतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी. टेस्ट फुकट आहे, डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ चे ६० कर आणि दोन दिवस वापर. गेलं तर केबल बदल, दोन मीटरच्या आतली, व्हेसा (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) सर्टिफाइड घे. काही स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींमध्ये २० नंबरची पिन दोन्हीकडे जोडलेली असते, ती नियमाप्रमाणे जोडलेली नसावी लागते, त्यामुळे मॉनिटरकडून कार्डात ३.३ व्होल्ट उलटे शिरतात आणि मशीन चालू होताना विचित्र प्रकार होतात.

मॉनिटर की सिग्नल हे ठरवायचं असेल तर स्क्रीन फडफडत असताना मॉनिटरचंच मेनू बटण दाब. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही. मेनूही फडफडला तर पॅनेल किंवा मॉनिटरचा अॅडाप्टर, मेनू स्थिर आणि मागचं चित्र फडफडतं तर केबल किंवा कार्ड. तसंच कधी रंगीत ठिपके, चौकोन, रेषा दिसल्या तर स्क्रीनशॉट घे आणि तो मोबाइलवर पाठवून बघ. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके असतील तर कार्डाने चित्रच तसं काढलंय. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र चांगलं निघालं आणि वाटेत बिघडलं. गेममध्ये उजेड कमी-जास्त होतो अशी तक्रार वेगळी, ती बऱ्याचदा व्हीए प्रकारच्या पॅनेलवर जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचे हर्ट्झ गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असताना फ्रेम रेट खालीवर झाला की येते, तो बिघाड नाही, स्वभाव आहे.

अजून एक, हसू नकोस. दोन सेकंद स्क्रीन गेली तेव्हा घरात काय झालं ते लक्षात ठेव. मिक्सर लागला, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, तू खुर्चीवरून उठलास. गॅस लिफ्टवाल्या खुर्च्यांमधून उठताना स्टॅटिकचा झटका हवेतून केबलीत शिरतो आणि मॉनिटर क्षणभर बंद होतो, डिस्प्लेलिंक कंपनीने हे त्यांच्या सपोर्टच्या पानावर अधिकृतपणे लिहून ठेवलंय. यात आपल्याकडे अर्थिंगची भर पडते. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं का? टेस्टर लावला तर मंद पेटतो का? तसं असेल तर सॉकेटमध्ये तिसरं भोक आहे पण त्याच्या मागे वायर नाही, किंवा कुठेतरी तुटलीये. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर मेनच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट बारीक असतो, पण एचडीएमआय, यूएसबी, हेडफोनमधली घरघर, सगळ्यावर परिणाम होतो. भाड्याच्या खोल्यांमध्ये हे सर्रास असतं. बोर्ड स्वतः उघडू नकोस, वायरमनला बोलव आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजायला सांग, दोन-तीनच्या वर जायला नको.

क्रम असा ठेव, कारण सगळं एकदम बदललंस आणि चाललं तर नेमकं कशाने चाललं ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत इथेच येशील. आधी ६० हर्ट्झ आणि मॉनिटर मेनूची टेस्ट करून ब्राउझरवाली तक्रार बाजूला काढ. मग यूपीएस काढून थेट सॉकेट. मग वायरी आणि पिना बघून कार्ड परत बसवणं. मग पॉवर लिमिट ७०, मग क्लॉक उणे १५०, मग झाकण काढून टेबल फॅन. सगळ्यात शेवटी मित्राचा एसएमपीएस, आणि जमलं तर तुझं कार्ड मित्राच्या मशीनमध्ये, त्यावर तोच गेम. तिकडेही पडलं तर मात्र दुकानदार बरोबर होता.

दुकानदारावर चिडू नकोस पण. त्याच्या काउंटरवर चाळीस मिनिटं सायबरपंक खेळायला कोणाला वेळ आहे, तो पाच मिनिटं काहीतरी चालवतो आणि अनुभवावर बोलतो. सेकंडहँड ३०७० म्हटल्यावर त्याला मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून क्रिप्टो कमावणं) आठवतं, आणि तेही अगदी चुकीचं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आपल्या पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत ही कार्डं पोत्याने आली. मायनिंग केलेलं कार्ड खराबच असतं असं मी मानत नाही, एका तापमानाला स्थिर चालणं चिपला उलट बरं असतं, फॅन आणि पॅड मात्र झिजलेले असतात. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या बायोसचं व्हर्जन आणि पॉवर लिमिट बघून घे, कोणी बायोस बदलून ठेवलेला असतो आणि मग कार्ड मूळ क्लॉकवर चालतच नसतं. एवढं करून कार्डच दोषी निघालं तरी लगेच भंगारात नको. या कार्डावर मेमरीच्या ८ चिप्स आहेत, चांगला रिपेअरवाला सॉफ्टवेअर लावून नेमकी कुठली गेलीये ते काढतो आणि तेवढीच बदलतो. जो न तपासता हीट गन मारून देतो म्हणाला त्याच्याकडून कार्ड घेऊन परत ये, तसली कार्डं महिनाभर चालतात आणि नंतर कोणीच हात लावत नाही.

टेस्ट केल्यास की इथेच लिही: पॉवर लिमिट ७० वर किती वेळ टिकला, हॉटस्पॉट किती होता, ४१ च्या आधी कुठला इव्हेंट आला, आणि एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो टाक, १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते मला बघायचंय. त्यावरून नवीन एसएमपीएस घ्यावा का ते सांगतो.